भांडवल का वाढलं

प्रिय खारूताई,

सोमवारी राजीनामा देणार असल्याचा तुझा निरोप फोनवर आला, तो मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ऐकला आणि मग पुन्हा एकदा ऐकला. "बाबा, पेपरात वाचलं. तुमचा आकडा एवढा झकास आलाय, आता तरी नाही म्हणू नका. कोपऱ्यावरचं ते बंद पडलेलं फोटोचं दुकान भाड्याने घेते आणि बेकरी काढते. सोमवारी साहेबांच्या हातात कागद ठेवणार." एवढं बोलून तू हसलीस, आणि मागे भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला. एवढ्या मोठ्या हॉटेलात पहाटेची अख्खी भट्टी सांभाळणारी बाई तू, आणि बोलताना मात्र अजून शाळेतून धावत आल्यासारखी बोलतेस. हे पत्र शनिवारी तुझ्या हातात पडेल असं कुरिअरवाल्याने शपथेवर सांगितलंय. राजीनाम्याचं काय करायचं ते हे वाचून झाल्यावर ठरव, एवढं बापाचं ऐक.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. बाबांना फोनवर खोटं बोलता येत नाही, असं तू सगळ्यांना सांगत असतेस. खरी गोष्ट उलटी आहे. तुझा आवाज ऐकला की मला खरं बोलवत नाही. तू "कसे आहात" विचारतेस आणि माझ्या तोंडून "मजेत" कधी निघून जातं ते मलाच कळत नाही. कागदावर तसं होत नाही. जन्मभर मी आकड्यांखालच्या टिपा लिहीत आलोय, आणि टिपेत थापा मारायची आपली पद्धत नाही.

आधी घरची हालहवाल. आईने तुझी खोली रंगवायला काढली आणि रंगाऱ्याला इतक्या सूचना दिल्या, की तो बिचारा दुसऱ्या दिवशी भावाला पाठवून स्वतः घरी बसला. रंग तिनेच निवडला. तुला सांगताना ती "दुधासारखा पांढरा" म्हणाली असेल. प्रत्यक्षात तो फिकट पिवळा आहे. चांगला दिसतोय. कपडे लहान-मोठे करून द्यायचं, चेन बदलायची, अस्तर लावायचं तिचं काम पूर्वीसारखंच चालू आहे, फक्त आता मीही त्यात लागलोय. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी तिच्या सुया ओवून उशीत खोचून ठेवतो, पांढऱ्या दोऱ्याच्या एका बाजूला, काळ्याच्या दुसऱ्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्ता कुठे नवरा उपयोगाला आला," असं ती गिऱ्हाइकांना सांगते आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसतात. हसू देत.

त्या फोटोच्या दुकानासमोरून मी परवा मुद्दाम गेलो. काचेत अजून एका नवरा-नवरीचा फोटो आहे, उन्हाने दोघंही निळी पडलीत. शटरला कान लावून काय ऐकतोस, असं शेजारच्या न्हाव्याने विचारलं. तू आत कणीक मळत असशील तर आवाज कसा येईल, हे मी बघत होतो, पण त्याला काय सांगणार? तुझा पहिला पाव आठवला. शाळेत होतीस, घरच्या ओव्हनमध्ये केलास, आणि तो इतका कडक झाला की आईने तो आठवडाभर दाराला अडकण म्हणून वापरला. तू रुसलीस, रडलीस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ भिजवायला बसलीस. तेव्हापासून मी तुझ्या हट्टाच्या आड आलेलो नाही. तिकडची नोकरी लागली तेव्हा आई स्टेशनावर तुझ्या कोटाचं बटण घट्ट करत राहिली, गाडी हलेपर्यंत. बटण सैल नव्हतंच.

आता आकडा. तुला हे सगळं तोंडपाठ आहे, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, हा माझा जुना रोग. ज्यांचं मुख्य कार्यालय आपल्याच भागात आहे अशा मोजक्या लहान बँका आहेत. मोठ्या बँका देशभर पसरलेल्या, त्यांच्या हिशेबात आपला भाग शोधूनही सापडायचा नाही. पण या लहान बँका इथल्याच लोकांच्या ठेवी घेतात, इथल्याच लोकांना कर्ज देतात, त्यामुळे इथलं बरं-वाईट त्यांच्या अंगावर उमटतं. बँकेतले बहुतेक पैसे ठेवीदारांचे, म्हणजे परत करायचे. त्याखेरीज तिचं स्वतःचं म्हणून जे असतं ते भांडवल. कोणाचं कर्ज बुडालं की पहिला फटका त्या भांडवलाला बसतो, ठेवीदारापर्यंत पोचत नाही. म्हणून दिलेल्या कर्जांच्या मानाने भांडवल किती, हे आम्ही, बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफिसातली माणसं, दर तिमाहीला मोजतो आणि सगळ्या बँकांचा मिळून एक आकडा काढतो. भागातले धंदे बसले, कर्जं थकली, की तो घसरतो. धंदे चालले, कर्जं फिटली, बँकांना नफा झाला, की चढतो. इथवर कोणालाही कळतं. पण चढायला आणखी एक कारण असू शकतं, आणि पेपरवाले तिथे कधी पोचत नाहीत. कोणी कर्ज मागायलाच आलं नाही, तरीही तो चढतो. भांडवल आहे तेवढंच राहतं, कर्जं मात्र आटतात, आणि त्यांच्या मानाने भांडवल गलेलठ्ठ दिसायला लागतं. जेवायला कोणी आलं नाही म्हणून पातेलं भरलेलं राहावं, तसं.

म्हणून तर आमच्या ऑफिसात बाकावर बसायची पद्धत पडली. मी नोकरीला लागलो तेव्हाचे थोरले साहेब म्हणायचे, आकडा वर गेला की खाली हे कागद सांगेल, का गेला ते बाक सांगेल. तिमाहीचा आकडा बाहेर पाठवण्याआधी आमच्यापैकी प्रत्येकाने एकेका बँकेत जायचं आणि सकाळभर गिऱ्हाइकांच्या बाकावर गप्प बसून यायचं. काही विचारायचं नाही, काही लिहून घ्यायचं नाही. दुसऱ्या भागांतल्या कचेऱ्या आम्हाला यावरून चिडवतात. आमच्या आताच्या साहेबीणबाईंनाही हे खूळ वाटतं, कारण आकडे आता संगणकावर आपोआप येऊन पडतात. पण मी निवृत्त होईपर्यंत त्या काही बोलणार नाहीत, आणि त्याला आता फार वेळ राहिलेला नाही, म्हणून त्यांनी दमानं घेतलंय.

शाळेला सुट्टी असली की तू माझ्याबरोबर बाकावर यायचीस. पाय जमिनीला टेकायचे नाहीत. आत शिरताना पहारेकरी तुला सलाम ठोकायचा, म्हणून तू काहीतरी निमित्त काढून पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन आत यायचीस, आणि तोही पठ्ठ्या दर वेळी तितक्याच गंभीरपणे सलाम करायचा. घरी परतताना मी विचारायचो, काय दिसलं? आणि तू सांगायचीस. एक आजोबा पासबुक उघडून नुसतेच बघत बसले होते. दोन भाऊ कर्जाच्या टेबलासमोर एकमेकांशी भांडत होते, मग साहेब हसले आणि तेही हसले. एक बाई कर्ज मंजूर झालं म्हणून रडली, आणि तुला कळेना की रडायचं काय त्यात. त्या वर्षांत कर्जाच्या टेबलासमोर उभं राहायला जागा नसायची. आकडा तेव्हा आजच्याइतका चढलेला नव्हता, तरी थोरले साहेब खुशीत असायचे. एकदा, तू असशील अकराएक वर्षांची, रस्ता ओलांडायच्या आधी थांबलीस आणि विचारलंस, "बाबा, उद्या कोणीच कर्ज घेतलं नाही, तर तुमचा आकडा आपोआप वर जाईल ना? मग पेपरात बँका छान आहेत असं येईल?" मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो. आमच्याकडे नव्याने लागलेल्या पदवीधरांना हे डोक्यात शिरायला वर्ष जातं.

या तिमाहीला माझ्या वाट्याला बाजाररस्त्यावरची बँक आली. दार ढकललं आणि आधी वाटलं, सुट्टीच्या दिवशी आलो की काय. फरशी इतकी चकचकीत, की पाऊल टाकायला संकोच वाटावा. पैशांच्या खिडकीशी चार माणसं, तीही पेन्शनवाली, नाहीतर मुलांनी बाहेरून पाठवलेले पैसे काढायला आलेली. टेबलामागे कर्जवाले साहेब, तेच, भांडणाऱ्या भावांना हसवणारे. आता कानांवरचे केस पांढरे झालेत. आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर कुंडी. खरीखुरी मातीची कुंडी, खाली बशी, आणि तिच्यात हिरवंगार पसरलेलं झाड. काही विचारायचं नाही हा नियम, म्हणून मी नुसता बघत राहिलो. त्यांनीच ओळखलं. उठून शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, ऊन तिथेच येतं हो. आणि तसंही बसायला कोण येतंय?" बोलले आणि स्वतःच खजील झाले. मग हळू आवाजात सांगायला लागले, "वरून रोज विचारणा. कर्ज द्या, कर्ज द्या. अहो, देऊ कोणाला? चपलांचा कारखाना मालकाने गुंडाळला, सगळं कर्ज वेळेआधी फेडलं आणि मुलाकडे राहायला गेला. कापडवाल्याने तेच केलं. फेडणारे सगळे सज्जन, नवं मागणारं कोणी नाही." बेकरीचं तू आधीपासून बोलतेयस, ते त्यांच्या कानावर गेलं होतं, आईचं काम, दुसरं कोण. "तुमची लेक बेकरी काढतेय म्हणे. पाठवा तिला. कुंडी लगेच उचलतो," म्हणाले, आणि खरोखरच जाऊन त्यांनी ती उचलून दाखवली. मी हसलो. बाहेर आल्यावर मात्र ऑफिसकडे न वळता बराच वेळ चालत राहिलो.

तर पेपरातला जो आकडा वाचून तू खूश झालीस, तो असा आहे. सलग काही तिमाह्या तो चढतोय, आणि मी नोकरीला लागल्यापासून इतका वर कधी नव्हता. त्याखाली मी टीप लिहिली होती, की ही वाढ भांडवलातली नाही, कर्जं घटल्यामुळे दिसते आहे. पेपरवाल्यांनी आकडा घेतला, टीप सोडली, आणि बँका पूर्वी कधी नव्हत्या इतक्या भक्कम असल्याचं मोठ्या टायपात छापलं. ते खोटं नाही. पूर्वी दात होते तर चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात नाहीत. तुला कर्ज दुसऱ्या दिवशी मिळेल, आणि मला तीच भीती वाटते. मागशील त्याच्या दुप्पट द्यायला तयार होतील. पण सकाळी पाव घ्यायला कोण येणार? ज्यांची पोरं शाळेत जातात अशी घरं कमी झालीत. त्या कोपऱ्यावरून कारखान्याकडे जी झुंबड जायची, ती आता जात नाही. राहिलेत ते आमच्यासारखे, एका पावावर दोघांत तीन दिवस काढणारे. तुझ्या हाताला चव आहे आणि तू हट्टी आहेस, म्हणून दुकान तग धरेलही. पण तिकडे आज जे काम तुझ्या हातात आहे, तसं काम इथे पुढची काही वर्षं तुला दिसणार नाही. दुकान हेच कारण असेल, तर आकडेवाला म्हणून माझं एकच सांगणं आहे, राजीनामा देऊ नकोस.

हे लिहिताना मला काय होतंय, ते कोणाला सांगू? माझ्या सगळ्या नोकरीत हा एकच आकडा असा निघाला, की मी नुसता गप्प राहिलो असतो तरी माझी मुलगी घरी आली असती. पेपरात तर छापून आलंच होतं, मला थाप मारायचीही गरज नव्हती. गेला आठवडाभर मी तुझ्या रंगवलेल्या खोलीत जातो, खिडकी उघडतो, बंद करतो आणि बाहेर येतो. आईच्या ते लक्षात आलं. "तुमचे आकडे ऑफिसात ठेवून येत जा," ती म्हणाली. "पोरगी स्वतःहून येतेय, तर येऊ द्या. आणि दुसरं तिला काही सांगायचं नाही, आपलं ठरलंय." काय ठरलंय ते पुढे लिहितोच. मी मान हलवली, दिव्याजवळ बसलो आणि काळ्या दोऱ्याच्या आणखी दोन सुया ओवायला घेतल्या.

आणि ओवता ओवता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कोणाला शिकवायला निघालोय? ज्या पोरीने भर रस्त्यात मला तो प्रश्न विचारला, ती आज हा आकडा उलटा वाचेल? तू तो वाचल्या वाचल्या ओळखला असणार. तरीही मला म्हणालीस, बाबा, आकडा झकास आलाय. म्हणजे तुला निमित्त हवं होतं. मग मी आमच्या धंद्यातलं पहिलं काम केलं, कुठली गोष्ट आधी घडली आणि कुठली नंतर, ते ओळीने मांडून बघितलं. तू सुट्टीत येऊन गेलीस. परत गेल्यावर आईला हा मोठा दिवा पाठवलास, मान हवी तशी वळवता येणारा, "शिवायला बरा पडेल" म्हणून, कोणी मागितलेला नसताना. पूर्वी आठवड्यातून एकदा फोन करायचीस, ती रोज व्हिडिओवर यायला लागलीस. आणि त्यानंतर कुठे तुला बेकरी सुचली. दिवा आधी आला, बेकरी नंतर. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड तुला कुठून लागली हे विचारायला नको, या घरात ती आम्हा दोघांनाही आहे.

तर ऐक. तुला जे दिसलं ते बरोबर दिसलं. व्हिडिओवर आई तुझ्याकडे न बघता तुझ्या कानाच्या बाजूला, कुठेतरी भिंतीकडे बघत बोलते, ते तिचं लक्ष नसतं म्हणून नाही. तिच्या नजरेच्या मधोमध आता धूसर डाग आलाय. जिथे नजर रोखावी तेच पुसलं जातं, कडेचं तेवढं दिसतं. तुझा चेहरा दिसायला तिला तुझ्या कानाकडे बघावं लागतं. आधी उजव्या डोळ्याचं झालं, मागच्या वर्षापासून डाव्याचंही. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, त्यांनी काही लपवलं नाही. पूर्ण अंधार होणार नाही, घरात ती वावरेल, पण बारीक काम आणि माणसांचे चेहरे हळूहळू जातील. औषधांनी वेग थोडा कमी झालाय, थांबलेला नाही. शिवण ती आता बोटांच्या अंदाजाने करते, आणि अजून कोणाची तक्रार आलेली नाही, हे तिचं कसब. आणि तुझ्या खोलीचा रंग पांढराच आहे, असं तिला खरोखर वाटतं. तुला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे आमचं ठरलं होतं. "तिला सांगितलं की ती सगळं सोडून येईल, आणि मग मला जन्मभर वाटत राहील की मी तिला ओढून आणलं," असं ती म्हणाली होती, आणि मला ते पटलं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून आम्ही दोघांनी ती घट्ट झाकून ठेवली. दर फोनला मजेत आहोत म्हणून सांगितलं. खरं सांगू का, त्यात थोडा ताठाही होता. आमचं आम्हाला पुरतंय, लेकीला कशाची तोशीस नाही, असं चारचौघांत सांगायला बरं वाटायचं. लोकही म्हणायचे, केवढी खंबीर माणसं. मी ज्या कामावर केस पांढरे केले, त्यात हे मला कधीच कळायला हवं होतं. देणं नाही, मागणं नाही, आणि वरून सगळं भक्कम. तू तिकडे काळजीत आणि आम्ही इकडे मजेत, असा हा व्यवहार वर्षभर चालला. हे पत्र मी तिच्यासमोर, याच टेबलावर बसून लिहितोय. ती पलीकडे एका कोटाला अस्तर लावतेय. मला पानं लपवावी लागली नाहीत, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं. कुरिअरवाला घेऊन गेला, की मी तिला सगळं सांगणार आहे. ओरडेल. ओरडू दे.

मी तुला थांबवायला हे पत्र लिहिलं, असं तुला आतापर्यंत वाटलं असेल. पहिली दोन पानं होईपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. पण काल तुझा फोन झाल्यावर आई बराच वेळ मोबाईलची काच पदराने पुसत बसली, मळलीय असं समजून. मग ठेवून दिला आणि म्हणाली, "आज तिची नुसती हनुवटी दिसली. फोनमध्ये फार एवढीशी होते हो ती." समोर, हाताच्या अंतरावर असलेलं माणूस तिला अजून दिसतं. सुट्टीत तू सकाळी झोपलेली असायचीस तेव्हा ती तुझ्यावर वाकून बसायची, ते तुला उठवायला नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, असं अजून वर्षभर दिसेल, थोडं मागेपुढे. मला मागायची सवय नाही, म्हणून वळणं न घेता लिहितो. दुकानासाठी येऊ नकोस, आणि आकड्यासाठी तर मुळीच येऊ नकोस. रजा मिळत असेल तर रजा घे, नसेल मिळत तर राजीनामा दे. बेकरी काढ, नाहीतर नको काढूस. पुढे परत जावंसं वाटलं तर मी स्वतः तुझं सामान बांधून देईन. पण तिला तुझा चेहरा दिसतोय तोवर घरी ये. आम्हाला तू हवी आहेस.

मागायला उशिरा शिकलेला, तुझाच,
बाबा